टेकूअण्णा

अण्णांना पूल दाखवला की ते आधी वाकतात. भक्तिभावाने नव्हे, खालून बघायला. वरून जे दिसतं त्यावर त्यांचा कधीच विश्वास बसलेला नाही. लग्नाच्या मांडवात शिरले की त्यांची नजर नवरानवरीकडे जायच्या आधी बांबूच्या बुडाशी जाते. हॉटेलात टेबल डुगडुगलं की वेटरला हाक मारायच्या आत त्यांचा हात शर्टाच्या खिशात जातो आणि तिथून पुठ्ठ्याची, तीन घड्यांची, कडा दाबून सपाट केलेली पाचर निघते. ती टेबलाच्या पायाखाली सारायची, तळव्याने टेबल चारही कोपऱ्यांवर दाबून बघायचं आणि मगच मिसळ मागवायची. निघताना पाचर काढून पुन्हा खिशात. "पुढच्या गिऱ्हाइकाचं काय?" असं मी एकदा विचारलं. "त्याने त्याची आणावी," म्हणाले. अण्णा कुठल्या शहरातले हे वेगळं सांगायला नको.

त्यांची सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात, पुलांच्या विभागात गेली. उद्घाटनं पुष्कळ झाली, पण फीत कापताना एकदाही अण्णांना दिसली नाही. वर मंत्री कात्री हातात घेत, तेव्हा अण्णा खाली नदीच्या पात्रात पँट दुमडून उभे असत. एवढी माणसं एकदम पुलावर चढल्यावर गाळा किती लवतो हे बघायची संधी, त्यांच्या मते, पुन्हा येत नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी ओळंबा लावून टांगलं.

कोकण रेल्वेने जाताना रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल लागतो. लांबी ४२४ मीटर, सर्वांत उंच खांब ६४ मीटर. एकदा त्यावरून जाताना डब्यातले सगळे खिडक्यांना चिकटून 'अबब' करत होते आणि अण्णा कपाळाला हात लावून बसले होते. "पुलावर बसलेल्याला पूल दिसत नाही. हे सोडून बाकी रेल्वे चांगली आहे." रत्नागिरीला उतरले, नातलगांकडे बॅगा टाकल्या, चहाला नको म्हणाले आणि रिक्षा करून थेट पुलाच्या पायथ्याशी गेले. तेवढ्यात वरून गाडी निघाली. रिक्षावाल्याने कौतुकाने बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, "गाडी जाऊ द्या हो, खांबाकडे बघा." रिक्षावाला खांबाकडे बघत राहिला. खांब काही करेना. "हेच ते," अण्णा म्हणाले. "काही करत नाही. यालाच काम म्हणतात."

तो पूल वर कसा चढवला हे ते कुणालाही, कुठेही सांगतात. एका टोकाला पुलाचा तुकडा ओतायचा, जॅकने पुढे ढकलायचा, त्याच्या पाठीशी पुढचा तुकडा ओतायचा, पुन्हा ढकलायचा. असं करत पूल खांबांवरून सरकत दरी ओलांडतो. ताटातल्या वाट्या एका रांगेत मांडून त्यांवरून ते लाकडी पट्टी सरकवून दाखवतात. वाट्यांमध्ये काही असलं तरी दाखवतात.

सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव टेकूअण्णा पाडलं आहे. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतही असावं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते आता त्याच नावाने असतात.

तर नातवाच्या सातव्या वाढदिवसाला मुलाने गाड्यांचा ट्रॅक आणला. केशरी लवचीक पट्ट्या, त्या एकमेकींत अडकवायच्या जिभा, कोलांटी मारायचा एक गोल आणि दोन गाड्या. खोक्यावर ज्वाळांमधून झेप घेणारी गाडी, तिच्या मागे वळणं घेत आलेला ट्रॅक. नातवाने गाड्या काढल्या. सुनेने किंमत बघितली. अण्णांनी चष्मा लावून चित्राचा खालचा कोपरा बघितला आणि विचारलं, "ही पट्टी उभी कशावर आहे?"

चित्र नेमकं तिथेच कापलेलं होतं.

खोक्याच्या तळाशी प्लॅस्टिकची एक क्लिप निघाली. पट्टीचं टोक तिच्यात अडकवायचं आणि ती टेबलाच्या कडेला लावायची, बास. अण्णांनी ती चिमटीत धरून उजेडाकडे नेली, दोनदा दाबली, "हा कपड्यांचा चिमटा आहे," म्हणाले आणि बायकोच्या, म्हणजे माईंच्या हवाली केली. ती अजून गॅलरीत दोरीवर आहे. टॉवेल पडत नाही.

या जातीच्या गाड्यांची गोष्ट मी त्यांना सांगितली, जरा राग शांत व्हावा म्हणून. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने १९६८ साली हॉट व्हील्स नावाने त्या काढल्या. तोवर मुलांच्या खिशात मॅचबॉक्सच्या इंग्रजी गाड्या असत. दिसायला देखण्या, पळायला बेताच्या. मॅटेलवाल्यांनी आस म्हणून बारीक तार घातली, घर्षण कमी करणारं प्लॅस्टिकचं बेअरिंग बसवलं, आणि गाडी नुसती उतारावर सोडली तरी सुसाट सुटू लागली. मग आल्या केशरी पट्ट्या. आमच्या सेटवर नाव कुणा दुसऱ्याचंच होतं, पण घराणं हेच. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आसावर संशोधन झालं," ते म्हणाले, "खांबावर?"

खरी आग लागली ती १:६४ या आकड्याने. या गाड्या साधारण त्या प्रमाणात असतात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्श्याएवढ्या. अण्णांनी पेन्सिल कानावरून काढली. जेवणाच्या टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर, गुणिले ६४, म्हणजे ४८ मीटर. "पंधरा मजले!" ते उभेच राहिले. "पंधरा मजल्यांवरून रस्ता खाली आणायचा आणि आधाराला काय, तर चिमटा! कोणी मंजूर केलं हे?" मग एकदम गप्प झाले. पेन्सिल पुन्हा चालली. पानवलचा खांब ६४ मीटर. भागिले ६४. बरोबर एक मीटर.

माई सांगतात, त्या रात्री ते झोपेत हसत होते.

४२४ मीटरला ६४ ने भागलं की साडेसहा मीटरच्या थोडं वर उत्तर येतं. अण्णांचा हॉल तेवढा लांब नाही. पण हॉल, बोळ आणि स्वयंपाकघराचा उंबरा असा विचार केला तर पूल फ्रिजला वळसा घालून देवघरापाशी उतरतो. खरा पूल जवळपास सपाट आहे, आणि यांच्या गाड्यांना इंजिन नाही, म्हणून उतार द्यावा लागला. ही तडजोड त्यांना आजही खुपते.

खांब सुरुवातीला घरातलेच. मुलांचा ट्रॅक उभारताना आपण सगळे तेच करतो: पाट उभा, कॅरमबोर्ड आडवा, मधे उशी. अण्णांनी उशी पहिल्या पाहणीतच बाद केली. पायात मऊ थर नको. मराठी विश्वकोशाचे घरात होते तेवढे खंड आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्ञानाच्या सोयीसाठी खंड पाडले असतील, पण त्यांची जाडी कमी-जास्त असल्यामुळे उतार अचूक धरता येतो, असा नवा उपयोग अण्णांना सापडला. नातवाला शाळेत निबंधासाठी 'ज्वालामुखी' हवा होता. तो खंड चौथ्या खांबात होता. निबंध 'माझा आवडता पक्षी' यावर झाला.

स्वयंपाकघराच्या बाजूला डाळींचे स्टीलचे डबे होते. इथे माईंशी संबंध आला.

"अहो, तुरीचा डबा द्या इकडे."

"किती काढणार?"

"दोन वाट्या."

"मग हरभऱ्यातूनही दोन काढ. एकाच डब्यातलं वजन गेलं तर तो खांब हलका होतो, धक्क्याने सरकतो."

"आज नुसती आमटी आहे."

"उसळही कर."

त्या महिन्यात त्यांच्याकडे जो कोणी जेवायला गेला त्याला दोन डाळींचं काही ना काही खावं लागलं. मी खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे जेवायला मीच जास्त जात असे. वरून दिवसभर गाडी पडल्याचा टक्क असा आवाज येई, त्यापाठोपाठ अण्णांचा आवाज: "सोडू नकोस म्हटलं ना!"

हे 'सोडू नकोस' या सगळ्या प्रकरणाचं पालुपद होतं. नातवाला गाडी सोडायची होती. सात वर्षांच्या मुलाला दुसरं काय हवं असणार? अण्णांचं म्हणणं, गाडी कुठे पळून जाते आहे. खांब आधी.

डब्यांवर माईंनी शेवटी हक्क सांगितला तेव्हा अण्णा पक्क्या कामाला लागले. श्रीखंडाचे रिकामे डबे सोसायटीभर फिरून गोळा केले. प्रत्येकात प्लास्टर ओतून मधोमध पाऊण इंची पीव्हीसीचा पाइप उभा केला, पाइपात वाळू भरली, माथ्यावर नट-बोल्ट बसवला, म्हणजे बोल्ट फिरवून उंची केसभर वरखाली करता यावी. पातळी जुळवायला पारदर्शक नळीत पाणी आणि पाण्यात चिमूटभर कुंकू. नळीचं एक टोक हॉलमध्ये अण्णांच्या हातात, दुसरं देवघरापाशी नातवाच्या. "पाणी कुठे आहे?" "इथे!" "इथे म्हणजे कुठे?" "आजोबा, गाडी सोडू?" असा संवाद तासन्‌तास चाले.

दोन खांबांमधलं अंतर हा अण्णांचा खास विषय. मुलं खांब लांब लांब ठेवतात, पट्टी मधे झोल खाते, गाडी झोलात उतरते आणि पुढच्या चढावर दम तोडते. हे कुणालाही दिसतं. दिसत नाही ते असं, की पट्टी स्वतःच्याच वजनाने लवते तेव्हा अंतर दुप्पट केलं तर झोल दुप्पट होत नाही, सोळापट होतो. अण्णांनी हे दुसरीतल्या मुलाला समजावलं. दोनचा पाढा, मग त्याचा पुन्हा पाढा, असं करत सोळापर्यंत आणलं. पोरगं हुशार. म्हणालं, "म्हणजे खांब जवळ आणले की झोल सोळापट कमी?" अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याला जवळ घेतलं. त्याने विचारलं, "आता सोडू?" अण्णांनी त्याला दूर केलं.

कोलांटीच्या गोलाने मात्र त्यांना घाम फोडला. गोलाच्या माथ्यावर गाडी उलटी असते तेव्हा पुरेसा वेग नसेल तर ती पट्टी सोडून डोक्यावर येते. घर्षण अजिबात नाही असं धरलं तर हिशेब सुटसुटीत आहे: गोलाच्या उंचीच्या निदान सव्वापट उंचीवरून गाडी सोडायची. गोल २४ सेंटिमीटर उंच, म्हणजे ३० सेंटिमीटर हवेत. घर्षण धरून अण्णांनी ४५ ठेवले. गाडी पडली. ५५ केले. पडली. नातू म्हणाला, "अजून वर करू या." मुलगा ऑफिसच्या मीटिंगमधून डोकं काढून म्हणाला, "बाबा, अजून वर करा." अण्णांनी दोघांनाही गप्प बसवलं, गोलाच्या अलीकडच्या खांबावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली आणि गाडी सोडली. पाणी हिंदकळलं.

"बघितलंत?" ते विजयाने म्हणाले. "गाडीचा वेग वाटीत गेला."

आणि ते खरं होतं. खांब हलतो, पट्टी थरथरते, ते हलणं फुकट होत नाही. त्याचा खर्च गाडीच्या वेगातून वळता होतो. अण्णांनी उंची पुन्हा ४५ वर आणली आणि त्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरपे बांध घातले. गाडी गोलातून अशी गेली की नातू टाळी वाजवायला विसरला. अण्णा गाडीकडे बघतच नव्हते. ते वाटीकडे बघत होते. पाणी स्थिर होतं.

आता तरी रहदारी सुरू होईल असं घरच्यांना वाटलं. त्यांना भारचाचणी माहीत नव्हती.

खऱ्या पुलांसाठी भाराचे वर्ग ठरलेले असतात. 'क्लास ए ए' म्हणजे सत्तर टनांचं साखळीपट्ट्यांवर चालणारं वाहन, रणगाडाच म्हणा. अण्णांच्या पुलावरून जाणारी गाडी पस्तीस-चाळीस ग्रॅमची. पण उद्या कोणी दोन गाड्या एकदम सोडल्या तर? मामेभाऊ येऊन मोठा डंपर चालवायला लागला तर? अण्णांनी चाचणीचं वजन म्हणून माईंच्या सासूबाईंचा पितळी अडकित्ता निवडला. तो प्रत्येक गाळ्याच्या मध्यावर चोवीस तास ठेवायचा, लवण मोजायची, मग उचलून पुन्हा चोवीस तासांनी मोजायची. काँक्रीटच्या बांधकामात लवण निदान पंचाहत्तर टक्के परत भरून यावी लागते. प्लॅस्टिकसाठी नियम नसल्याने त्यांनी तोच लावला. सगळं एका लांबोडक्या वहीत नोंदलं. खात्यात मोजमापाच्या वहीला एम. बी. म्हणतात, हिच्यावरही त्यांनी तेच लिहिलं होतं. गाळा क्रमांक, तारीख, लवण, शेरा, सही. सहीखाली 'तपासले' अशी दुसरी सही नातवाची, पेन्सिलीने.

गाळे पुष्कळ होते आणि अडकित्ता एकच. माईंनी सुपारी सोडली.

मला विचाराल तर अशी माणसं घरात असली की घरातलं काही पडत नाही आणि काही सुरूही होत नाही. सगळीकडे असतात ती. नाटकमंडळीत एक जण असतो, त्याला नायिका आठवत नाही, पण दुसऱ्या अंकातल्या जिन्याला मागून कुठली बल्ली लावली होती ते सांगतो. सहलीला निघताना एक जण स्टेपनीत हवा भरून घेत बसतो आणि बाकीचे सूर्यास्त चुकवतात. त्यांची चेष्टा होते. ती व्हायलाच हवी. एरवी ते आपल्याला कुठेच जाऊ देणार नाहीत.

कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी हौसेने उभारलेलं आणि १९९८ पासून लोकांना खुलं असलेलं. एका मोठ्या मांडणीवर चिमुकलं शहर आहे आणि त्यात वेगवेगळ्या आगगाड्या धावतात. नातवाला घेऊन आम्ही गेलो. दिवे मंद झाले, गाड्या निघाल्या, सिग्नल बदलले, मुलं श्वास रोखून बघत होती. अण्णा दिसेनात. ते टेबलाच्या कडेशी उकिडवे बसून पाय कसे जोडले आहेत ते बघत होते. तिथल्या माणसाने विनम्रपणे विचारलं, "आजोबा, काही पडलं का?" अण्णा वर न बघता म्हणाले, "नाही. आणि पडणारही नाही. छान काम आहे."

दिवाळी आली तेव्हा पूल घराबाहेर पडला.

सोसायटीची पोरं दरवर्षी किल्ला करतात. विटा, दगड, खोकी रचायची, वर गोणपाट टाकायचं, त्यावर लाल मातीचा गारा थापायचा, तटबंदी काढायची, वर अळीव पेरायचे, पायऱ्यांवर मावळे. यंदा नातवाच्या डोक्यात आलं की किल्ल्याच्या माथ्यावरून ट्रॅक खाली सोडायचा. सोसायटीतल्या एका काकांनी हरकत घेतली की महाराजांच्या काळात मोटारी नव्हत्या. अण्णा म्हणाले, "मोटारी गडावर नाहीतच. गडाखालून जाणारा हा आजचा हायवे आहे. वर जातो तो फक्त पाहणीसाठी." या उत्तराचा अर्थ कुणाला लागला नाही, म्हणून ते मान्य झालं.

पण अण्णांनी आजवर फरशीवर काम केलं होतं. इथे माती. त्यांनी खिळा घालून बघितला तर तो गोणपाटातून आरपार खोक्यात गेला. "आत पोकळ आहे!" ते ओरडले. "किल्ला असतोच तसा," पोरं म्हणाली. अण्णांनी अर्धा बुरूज उतरवून थर देऊन कुटून पुन्हा चढवायला सांगितला; परीक्षक थोड्याच दिवसांत येणार होते, त्यामुळे पोरांनी संप केला. शेवटी खांबांपुरते खड्डे, खड्ड्यांत विटांचा चुरा, त्यावर श्रीखंडाचे डबे, असं ठरलं.

मग अळिवांचा तंटा. अळीव उगवायचे तर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला हवं. पाणी शिंपडलं की माती भिजते, भिजली की खांब खचतो. वाळली की आक्रसते, मग खांब कलतो. झारी ज्या मुलीकडे होती ती पाचवीतली होती आणि वाद घालण्यात अण्णांच्या तोडीची. "अण्णाआजोबा, किल्ला हिरवा दिसला नाही तर मार्क जातात." "अगं, पूल पडला तर?" "पुलाला मार्कच नाहीत." अण्णांना नोकरीत एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. तहात प्रत्येक खांबाभोवती वीतभर कोरडा पट्टा मिळाला. पट्ट्याभोवती अण्णांनी सुतळीचं कुंपण घातलं.

दुसऱ्या सकाळी येऊन बघतात तो पुलाखाली वस्ती. मुलांनी तिथे आपल्या सगळ्या गाड्या रांगेने लावल्या होत्या. सावलीत एक मातीची भाजीवाली टोपली घेऊन बसली होती, तिच्या शेजारी गवळण, आणि ढाल खाली ठेवून एक मावळा. "हे काय?" "पार्किंग, आजोबा. पुलाखाली असतंच ना." "खालची जागा तपासणीसाठी मोकळी लागते! हे अतिक्रमण आहे!" त्यांनी कागदावर नोटीस लिहून खांबाला दोऱ्याने बांधली. दुपारी त्या नोटिशीच्या कागदाची कुणीतरी भाजीवालीला छत्री करून दिली होती. तीच पाचवीतली असणार.

आणि तिसरा खांब रोज थोडा थोडा बसत होता. पुठ्ठ्याच्या पाचरा घातल्या तर दवाने फुगल्या. लाकडाची चिपाट घातली तर ती जाड, तिने खांब उलटा उचलला. अण्णांना हवं होतं पातळ, सपाट, टणक, एका जाडीचं, आणि कोपऱ्यांत चपखल बसेल असं काहीतरी. आणि आता परीक्षक त्याच संध्याकाळी यायचे होते. अण्णा कंबरेवर हात ठेवून उभे होते आणि माई पोरांसाठी फराळाचं ताट घेऊन आल्या.

अण्णांनी शंकरपाळं उचललं. चौकोनी, तिरपं, एकसारखं कापलेलं. दाताखाली धरून बघितलं. बोटांनी मोडून बघितलं. मोडलं नाही. दुसरं त्याला जोडून धरलं; जाडी तंतोतंत. "माई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर भरून आला, "यंदा तुझे शंकरपाळे फार उत्तम जमलेत."

माई जागच्या जागी थांबल्या. लग्न झाल्यापासून या माणसाने कुठल्याही पदार्थाला 'बरं आहे' याच्या पुढे शेरा दिलेला नव्हता. त्या घरात गेल्या आणि पुन्हा परात घेऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत आणखी एक डबा भरला. अण्णा येता-जाता त्यातून मूठमूठ खिशात टाकत होते. सून म्हणाली, "बाबा, साखर वाढेल." माई म्हणाल्या, "सणाचं खाऊ दे त्यांना. आवडलेत."

परीक्षक आले. त्यांत एक चित्रकलेच्या बाई होत्या आणि एक नगरसेवक. नातवाने माथ्यावरून गाडी सोडली. ती तटावरून निघाली, तिन्ही वळणं घेऊन, कोलांटी मारून, मावळ्यांच्या डोक्यावरून जाऊन खाली वाळूत थांबली. टाळ्या झाल्या. बाईंनी अळिवांचं विशेष कौतुक केलं. नगरसेवकांनी पुलाखालच्या पार्किंगचा फोटो काढून घेतला, म्हणाले, कल्पना चांगली आहे. अण्णा या सगळ्या वेळात तिसऱ्या खांबापाशी ओणवे होते. बक्षिसाचा फोटो आला त्यात त्यांची फक्त पाठ आहे.

भाऊबीजेच्या दिवशी माईंची भाची किल्ला बघायला म्हणून खाली गेली आणि तिने हाक मारली. माती उकरून मुंग्यांची एक रांग निघाली होती. ती तिसऱ्या खांबाच्या बुडाशी जात होती, तिथून पाइपावर, पाइपावरून पट्टीवर, आणि पट्टीवरून सरळ दोन्ही दिशांना, शिस्तीत, एकमेकींना वाट देत. त्या पुलावर इतकी सलग रहदारी तोवर झालीच नव्हती. माई वाकल्या. त्यांनी खांबाच्या डब्याखाली बोट घालून एक शंकरपाळं ओढलं. मग दुसरं. मग शेजारच्या खांबाखालचं बघितलं. अण्णा जिन्यात उभे होते.

"अहो, हे एवढ्यासाठी उत्तम होते का?"

अण्णा खाली आले. वाकले. मुंग्यांची रांग त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बघितली, एम. बी. काढून काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "खारे केले असतेस तर मुंग्या लागल्या नसत्या."